मोहफुलांच्या दिवसांतली लाज

मोह पडायला लागला की मला लाज वाटते. सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, पण होळी सरली की तो वास भद्रावतीच्या बाजारात येतोच. जंगलाकडच्या बाया टोपल्यांत मोहफुलं घेऊन बसतात. पिवळसर, रसानं फुगलेली फुलं, आणि त्यांचा तो गोड, किंचित आंबूस वास. येणारी-जाणारी माणसं त्या वासाशी घडीभर थांबतात. कुणाला मामाचं गाव आठवत असेल, कुणाला आणखी काही. मी मात्र भाजीची पिशवी सावरते आणि भराभर चालू लागते, जणू टोपलीमागची बाई मला ओळखणार आहे आणि विचारणार आहे, "काऊन वापस आली होती बाई तू?"

ऐंशी सालानंतरचा तो काळ. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा निघाला होता आणि जंगलातल्या उपकेंद्रांवर नर्सा हव्या होत्या. मी नागपुरात नर्सिंगचं शिक्षण पुरं करून घरी आले होते. बाबा फॅक्टरीत होते. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. बाबा मोजकं बोलणारे, पण रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रार्थना करायला उभे राहिले की लांबलचक बोलत. माझ्या नोकरीसाठी त्यांनी सगळ्या मंडळीला प्रार्थनेला लावलं होतं. मीही रोज गुडघे टेकून नोकरी मागायची. आणि नोकरी लागली. मुलचेऱ्याच्या पलीकडे, जंगलात वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या एका गावात.

मंडळीनं मला निरोप दिला. गळ्यात झेंडूचा हार, पाळकसाहेबांचा डोक्यावर हात, आणि भगिनी मंडळानं वर्गणी काढून घेतलेला नवाकोरा वातीचा स्टोव्ह. तो माझ्या हातात मार्थाबाईनं दिला. मार्थाबाई म्हणजे आमच्या मंडळीतली विधवा बाई. तिची पिठाची गिरणी होती आणि तिच्या केसांत, भुवयांत कायम पीठ असायचं. जीभ मात्र तिखट. स्टोव्ह देताना ती म्हणाली, "जाऊन राह्यली तं चांगली राह्य. आमचं नाव घेतलं पाह्यजे लोकाईनं." बाबांनी कॉलनीत घरोघरी पेढे वाटले.

बस आष्टीची नदी ओलांडून जंगलात शिरली तेव्हा सकाळ होती. मोहाच्या झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली, आणि त्या काळ्यावर पिवळी फुलं पडलेली. बाया-पोरं वाकून वेचत होती. बसमध्ये तोच वास भरला. शेजारचा म्हातारा गोंडीत काहीतरी बोलला आणि हसला. मला एक शब्द कळला नाही, तरी मीही हसले. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

आता लोक विचारतात, जंगलात वाघाची भीती वाटली का. वाघ मनातसुद्धा आला नाही. खोली साधी होती, मातीच्या भिंती, वर कवेलू. बाजूच्या घरात एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला ठाकुमा म्हणायचं, म्हणजे आजी. पांढरं लुगडं, कापलेले केस. तिनं पहिल्याच दिवशी मला पाण्याचा माठ भरून दिला. माणसं वाईट नव्हती. माझ्याशी ती बंगाली वळणाच्या हिंदीत बोलत आणि मी नागपुरी वळणाच्या हिंदीत उत्तर देई.

दुसऱ्या दिवशी ठाकुमाची सून आली. मालती तिचं नाव. दिवस भरत आलेले, पहिलटकरीण, माझ्याच वयाची. मी तिला तपासलं. माझा हात तिच्या पोटावर होता आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. नागपूरच्या वॉर्डात मी शेकडो बायका तपासल्या असतील, पण तिथं तपासून झालं की मी मागे वळायची. मागे मोठी सिस्टर असायची. तिच्या मागे डॉक्टर. इथं मी सवयीनं मागे वळले तर मागे भिंत होती. त्या भिंतीवर एक पाल होती, बस. मालती वाट बघत होती, मी काय म्हणते याची. तिच्यासाठी मीच शेवटची होते. माझ्यापुढे विचारायला कुणी उरलंच नव्हतं.

तिला मी कसंबसं "आराम करो" म्हणाले. ती गेली आणि माझे हातपाय गार पडले. वर ऊन तापलेलं, कवेलू तडतडत होते. मी तिथली नव्हते, आणि त्या खोलीत राहिले तर जी होते तीही उरणार नाही, अशी काहीतरी ती भीती होती. आजवर कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी विद्यार्थिनी म्हणूनच मी वावरले होते. आता सगळ्या गावाची नर्सबाई व्हायचं होतं, आणि ती बाई कोण, कशी असते, मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी परत निघाले. ठाकुमा दारात शेणानं सारवत होती. तिनं विचारलं, "घर जाती है?" मी मान हलवली आणि खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली. स्टोव्ह आत तसाच राहिला. वरिष्ठांना तब्येत बिघडल्याचं कळवलं. बसमध्ये पुन्हा तोच वास. बाहेर बाया तशाच वाकून वेचत होत्या, पण मी खिडकीकडे पाठ करून बसले.

घरी आईनं भाकरी वाढली.  दुसऱ्या दिवसापासून बाबा ड्युटीला जाताना मागच्या दारानं जाऊ लागले. पुढच्या दारासमोर वानखेडेकाकांचं क्वार्टर होतं. ते सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायचे. बौद्ध होते, बाबांचे जुने मित्र. माझी नोकरी लागली तेव्हा बाबांपेक्षा जास्त तेच हरखले होते. एक दिवस त्यांनी बाबांना मागच्या गल्लीतच गाठलं. मी मोरीत भांडी घासत होते, सगळं ऐकू आलं.

"काऊन भाऊ, पोरगी आली म्हणते. सुट्टीवर काय?"

बाबा थांबले. मग म्हणाले, "हो. सुट्टीवर."

रविवारी उभं राहून लांब प्रार्थना करणारा माझा बाप माझ्यामुळे खोटं बोलला. हातातलं पातेलं मी कितीतरी वेळ घासत राहिले.

भीती एकट्यानं सोसता येते. लाजेला मात्र माणसं लागतात. जंगलातल्या खोलीत मी नुसती घाबरले होते. लाज मला भद्रावतीत आल्यावर वाटली, ज्यांनी हार घातला त्यांच्यात. रविवारी देवळात गेले तर बाया सरकून जागा देत, नको इतक्या मायेनं. पाळकसाहेब दयाळू माणूस. त्यांनी उपदेशात भीतीचा, धैर्याचा, विश्वासाचा विषयच येऊ दिला नाही. जिथं तो सहज आला असता तिथंही त्यांनी वळसा घातला, आणि मला तो वळसा स्पष्ट दिसला. त्यापेक्षा ते नाव घेऊन रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रागावली एकटी मार्थाबाई. उपासना सुटल्यावर सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "अन् आमचा स्टोव्ह कुठी हाय?"

"तिथंच राहिला," मी म्हणाले.

"म्हंजे स्टोव्ह राह्यला जंगलात. अन् तू नाई राह्यली."

कुणी तरी हसलं. आई माझा हात धरून मला बाहेर घेऊन आली.

सगळ्यांत मोठी लाज मात्र माणसांपुढची नव्हती. मी देवापुढे बसू शकत नव्हते. मागून घेतलेली गोष्ट देवानं दिली होती आणि मी ती तिथंच टाकून पळाले होते. आता कोणत्या तोंडानं काही मागायचं? गाण्यांना मी नुसते ओठ हलवायची. प्रार्थनेत डोळे मिटले की समोर मालतीचा चेहरा यायचा, वाट बघणारा. मग मी डोळे उघडून फरशी बघत बसायची.

असे दिवस चालले होते आणि दुःखसहनाचा सप्ताह, म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा, लागला. ऊन वाढलं. घुग्घुसकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यावर काळी धूळ उडायची, आणि सडकेकाठचे पळस झडून उघडे झाले होते. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळची प्रार्थना त्या वर्षी मार्थाबाईच्या घरी होती, गिरणीच्या मागच्या खोलीत. मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, "चल. मागं बसजो." मी मागे बसले, गव्हाच्या पोत्याला टेकून.

पाळकसाहेबांच्या बायकोनं बागेतला प्रसंग वाचला. प्रभू येशू धरला जायच्या आधीचा. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेला. दरवर्षी माझं लक्ष पुढे वधस्तंभाकडे लागलेलं असायचं आणि ही बाग घाईनं मागे टाकली जायची. त्या दिवशी मी तिथंच अडकले. तो घाबरलेला होता. त्याला पुढे जायचं नव्हतं. त्यानं बापाजवळ तसं मागितलंसुद्धा, की हे टळलं तर बघ. आणि त्याआधी, ज्यांना त्यानं शिकवलं, त्या साध्या मासेमारी करणाऱ्या माणसांना त्यानं सांगितलं होतं की माझा जीव फार कासावीस झाला आहे, माझ्याजवळ थांबा, जागे राहा. देवाच्या पुत्रानं आपली भीती लपवली नव्हती. सोबत मागायला त्याला लाज वाटली नव्हती. आणि मी? मी ती भीती तब्येत बिघडल्याच्या नावाखाली दडवली, आईबापापासून लपवली, मंडळीपासून लपवली, आणि त्याच्यापासूनही लपवत होते, जो स्वतः यातून गेला होता.

मग रिवाजाप्रमाणे एकेकानं प्रार्थना करायची होती. आमच्याकडे सगळ्यांच्या प्रार्थना ठरलेल्या असत. कोण काय म्हणणार हे पाठ असायचं. माझी पाळी आली तेव्हा सगळे क्षणभर थांबले आणि पुढची बाई सुरू करणारच होती. मी म्हणाले, "प्रभू, मले भेव वाटते." पुस्तकी प्रार्थनेत कधी न आलेला शब्द. पुढे काय बोलले ते सलग आठवत नाही. मी आजारी नव्हते, हे बोलले. मी पळून आले, हे बोलले. बाबांना माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, हेही बोलले, आणि बाबा पुढच्या रांगेत बसले होते. शेवटी म्हणाले, "मी जातो. पण भेव गेलं नाई. माह्यासंग कोणी तरी राह्यलं पाह्यजे." आमेन म्हणायचं राहून गेलं.

मी डोळे मिटूनच ठेवले. बाहेर गिरणीचा पट्टा वाऱ्यानं हलकासा आपटत होता. चेहरा पेटल्यासारखा झाला होता. इतकी लाज मला आयुष्यात ना त्याआधी वाटली, ना त्यानंतर. पण ती लाज वेगळी होती. तिच्याखाली लपवायला काही शिल्लक नव्हतं. तेवढ्यात पुढून आवाज आला.

"मी येतो संग." मार्थाबाई. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, येतो, जातो. "पोट्टा पाह्यते गिरनी. महिनाभर राह्यतो मी."

बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेला आम्ही निघालो तेव्हा ते पुढच्या दारानं बाहेर पडले, वानखेडेकाकांच्या ओट्याशी गेले आणि काहीतरी सांगून आले. काकांनी वर बघून मला हात केला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मी निवृत्त झाले तेव्हाच्या कार्यक्रमात एकानं भाषणात मला निर्भय सेविका म्हटलं. टाळ्या वाजल्या. मी टेबलावरच्या हाराकडे बघत राहिले. मार्थाबाई तोवर देवाघरी गेली होती, नाहीतर तिनं बसल्या जागेवरून स्टोव्हची गोष्ट काढली असती, आणि मला बरं वाटलं असतं. श्रद्धेनं भीती जाते असं लोक म्हणतात. जात असेल कुणाची. माझी बदली जेव्हा जेव्हा झाली, प्रत्येक वेळी माझे हात गार पडले. मला एवढंच मिळालं की ती भीती उघडी करून कुणापुढे तरी ठेवता येते, आधी देवापुढे, मग माणसापुढे, आणि मग पाऊल उचलता येतं.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही निघालो. बसमध्ये मार्थाबाई खिडकीशी बसली.  आष्टी आली तेव्हा ती बाहेर बघतच म्हणाली, "माहा मालक घुग्घुसच्या खदानीत होता. त्याले तिथी क्वार्टर भेटलं. मले म्हने, चाल. मी नाई गेलो. घर सोडाले मले भेव वाटे. मी म्हनो, गिरनी कोन पाहीन. गिरनीचं निमित्त होतं."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. तो रविवारी रविवारी ये. हातानं रांधून खाये तिथी. गेला तवा मी घरीच होतो." ती थांबली. "तुले बोललो त्या दिशी, थे मनावर घेजो नोको. थे तुले नव्हतंच."

बाहेर मोह जवळजवळ संपला होता. उरलीसुरली फुलं वेचणारी एखादी बाई दिसायची. माझे हात गार होते आणि मार्थाबाईनं त्यातला एक आपल्या पिठाच्या खरखरीत हातात धरून ठेवला होता.

गावात पोचलो तर खोली उघडी, अंगण सारवलेलं. स्टोव्ह पुसून कोपऱ्यात, वर कापड. ठाकुमा घाईघाईनं बाहेर आली. ती येऊन माझ्या पायाशी वाकेल की काय असं वाटलं, म्हणून मी मागे सरले. तिनं माझे हात धरले आणि हिंदीत बोलू लागली. मालती बाळंत झाली होती, पाचेक दिवसांपूर्वी. मुलगी. गावच्या दाईनं केलं. दोघी ठीक.

"माफ करना दीदी," ती म्हणाली. "आप सामान लाने गयी थी. हम रुके नहीं. बच्चा रुकता नहीं ना."

त्यांना वाटलं होतं मी सामान आणायला गेले. तिनं गावभर तसंच सांगितलं होतं. आणि मी येईपर्यंत थांबता आलं नाही म्हणून ती माझी माफी मागत होती. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. मार्थाबाई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "ठाकुमा, सामान लाने नहीं गयी थी. डर गयी थी. भाग गयी थी."

म्हातारीनं नीट ऐकून घेतलं. "डर गयी थी?"

"हाँ."

"तो बोलना था," ती म्हणाली, जणू मीठ संपलं तर मागायचं होतं इतक्या साधेपणानं. मग तिनं सांगितलं की त्यांना सरकारनं या जंगलात आणून सोडलं तेव्हा तिच्या सासूनं वर्षभर आपली पेटी दोरीनं बांधलेलीच ठेवली होती. उद्या परत जायचं, म्हणायची. दोरी सोडायला तयार नव्हती. एवढं सांगून ती मालतीच्या बाळाचं धुणं वाळत घालायला निघून गेली.

संध्याकाळी ती चटई घेऊन आली आणि रात्रीच्या सोबतीला आमच्या दाराशी अंथरून बसली. मी नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, रविवार. देऊळ नाही, घंटा नाही, पाळक नाही. उजाडल्यावर मार्थाबाईनं उंबऱ्यावर बसून गाणं म्हटलं, बेसूर आणि मोठ्यानं, आणि मी तिच्या मागून. त्या दिवशी माझा आवाज निघाला. ठाकुमा चटईवर उठून बसली होती. मालती बाळाला घेऊन कुडाशी उभी होती. गाणं संपल्यावर म्हातारीनं विचारलं, आज काय आहे तुमचं?

मार्थाबाईनं आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. बाग सांगितली, क्रूस सांगितला, कबर सांगितली. त्याला धरलं तेव्हा त्याचे मित्र पळून गेले, हेही सांगितलं. ते सांगताना तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला.

ठाकुमा चटईवर पुढे सरकली. मेलेला माणूस उठला याचं तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं दुसरंच विचारलं.

"जो भाग गये थे, उनको मिला वो?"

"मिला ना," मार्थाबाई म्हणाली.

"डाँटा?"

मार्थाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "नाई. बोला नहीं कुछ. तलाव किनारे आग पेटवला, मच्छी भाजा, और बोला, आओ, खाना खाओ."

"माछ?" ठाकुमाचा सगळा चेहरा उजळला. ती उठली, चटई गुंडाळली आणि आपल्या घरात गेली. थोड्या वेळानं मोहरीच्या तेलात मासे तळल्याचा वास आमच्या खोलीत आला. मग ठाकुमा दोन ताटल्या घेऊन आली, मागून मालती बाळाला घेऊन. भात, वर माशाचा रस्सा. मालतीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "खाइये दीदी."

बाळ मांडीवर होतं म्हणून मला एकाच हातानं जेवावं लागलं. काटे निवडता येत नव्हते. मालतीनंच ते काढून दिले. मी मान वर केली नाही, पण ताटातलं काही ठेवलंही नाही.